लोटनची पुसलेली चार मिनिटं

१

चिकटपट्टीचा तो तुकडा सतरा मिलिमीटर लांब होता. त्याची एक कड कात्रीने कापलेली, पण किंचित तिरकी होती. दुसरी दाताने तोडलेली असावी, कारण तिथले धागे सुटे होते. रंग फिकट गुलाबी. जखमेवर लावायची, पत्र्याच्या गोल डबीत मिळते ती पट्टी. प्रमिलाबाईंनी फूटपट्टी खाली ठेवली आणि व्हिडिओ कॅसेट खिडकीच्या उजेडात धरली.

"ही पट्टी इथे कशाला?" त्यांनी विचारलं.

समोर लोटन उभा होता. पिंप्राळ्याच्या व्यायामशाळेतला तो सगळ्यात रुंद माणूस. वय एकतीस. पण बाईंच्या खोलीत आला की अजूनही नववीतल्यासारखा हात मागे बांधून उभा राहायचा. त्याला आणि त्याचा मित्र मगन याला बाईंनी दोन वर्षं विज्ञान शिकवलं होतं.

"बाई, कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा बारीक तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर नवं काही भरता येत नाही. गुरुवारी शूटिंग संपल्यावर मगननं माझ्यासमोर किल्लीनं मोडला. कोणीतरी ही पट्टी लावून ती खाच बुजवली आणि पिक्चरसाठी घेतलेली माझी टेस्ट पुसली. चार मिनिटं वीस सेकंद."

"बाकीच्यांची?"

"आधी अभिमनची आहे, ती जशीच्या तशी. नंतर व्हिलनची, तीपण आहे. मधला मीच नाही."

जिन्यात व्यायामशाळेची चार-पाच पोरं दाटीने उभी होती. त्यांतला एक ओरडला, "बाईंना काय विचारायचंय, भाऊ? त्या धुळेवाल्यानंच केलं! हिरो व्हायचंय ना त्याला!"

"गप रे," लोटन म्हणाला. मग बाईंकडे वळून हळू आवाजात, "उद्या चार वाजता सगळ्यांना कॅसेट दाखवायची होती. आज सकाळी मीच हट्टानं आधी लावून घेतली, तर हे असं. मी सहाला पोलीस चौकीवर तक्रार देतो. पण उगाच कोणाचं वाईट व्हायला नको. तुम्ही सायन्सच्या. तुम्ही सांगाल तेच धरीन."

अभिमन धुळ्याच्या एस.टी. डेपोत रोजंदारीवर होता. रोजंदारीवाल्याचं नाव पोलिसांत गेलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. हे लोटनला ठाऊक होतं, आणि बाईंनाही. घड्याळात सव्वा वाजला होता.

"तू लंगडतोयस," बाई म्हणाल्या. "विजार वर कर."

गुडघ्यावर तीच फिकट गुलाबी पट्टी होती. तिचं एक टोक किंचित तिरकं कापलेलं. बाईंनी कॅसेट त्याच्याशेजारी धरली. कोन सारखा, पण उलटा. गुडघ्यावरची पट्टी जिथे संपली होती, तिथूनच कॅसेटवरचा तुकडा सुरू झाला होता.

"ही कोणी लावली?"

"मगननं. टेस्टमध्ये जरा पाय घसरला होता."

"आणि डबी कोणाची?"

"सुगंधाची." सुगंधाबाई त्याची बायको, एका दवाखान्यात आया होती. "तिनंच सकाळी माझ्या खिशात घातली होती. म्हणाली, पडशील. मग डबी घरीच गेली असेल…"

बोलता बोलता तो थांबला. आपण काय म्हणालो हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

२

बाईंच्या खोलीखालीच मगनचं दुकान होतं. अर्ध्यात व्हिडिओ लायब्ररी, अर्ध्यात गेमचं यंत्र. तीन वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, मगनने ते मुंबईहून जुनं म्हणून आणलं. त्याच्यावरची अक्षरं जळगावात कोणालाच वाचता येत नव्हती, म्हणून गेमच्या हिरोचं नाव पोरांनीच ठेवलं. तो हवेत गरगर फिरत उडी मारायचा, म्हणून भिंगऱ्या. आता मगन त्याच्यावर खानदेशी बोलीतला व्हिडिओ पिक्चर काढत होता, आणि दिवाळीपासून सगळा वाद एकाच गोष्टीचा होता.

यंत्राच्या लाकडी पेटीवर भिंगऱ्याचं मोठं रंगीत चित्र होतं. खांदे दाराएवढे, दंडावर शिरा. आतल्या काचेवर मात्र तो बोटाएवढा, काडीसारखा, नुसता उडणारा. त्यावरून पोरांचे दोन पक्ष पडले होते, पेटीवाले आणि काचवाले. बाई जिना उतरल्या तेव्हाही तेच चाललं होतं.

"चित्र कोणी काढलं? ज्यानं गेम बनवला त्यानंच ना? मग खरा भिंगऱ्या तोच. लोटनभाऊसारखा."

"अन् काचेतला काय खोटा? तीन वर्षं आपण रुपया टाकून कोणाला उडवतो? पेटीला का?"

"काचेतला बोटाएवढा आहे, भो. अभिमनला हिरो केलं तर पब्लिक म्हणेल, हिरोचा लहान भाऊ आला, हिरो कुठंय?"

"आणि तुमच्या लोटनभाऊनं उडी मारली तर गिरणेचं पाणी उलटं पाचोऱ्याला जाईल!"

काउंटरमागून मगन नेहमीसारखा कसनुसा हसला. बारीक, उंच, चष्मा घातलेला. कोणीतरी त्याला विचारलं, "भाऊ, तुम्हीच सांगा ना. कोण?"

"बघू," मगन म्हणाला.

दिवाळीत लोटननेही हेच विचारलं होतं. मगन म्हणाला होता, "तू तब्येत बनव. बघू." लोटनने दुसऱ्या दिवशी तेलगिरणीतलं काम सोडलं आणि तब्येत बनवायला घेतली.

"मगन, कॅसेट लाव," बाई म्हणाल्या.

पडद्यावर गिरणेची वाळू आली. अभिमन धावत आला, खड्डा ओलांडला, वळला, परत ओलांडला. तिसऱ्या उडीत तो हवेत एक पूर्ण फेरी फिरला आणि काचवाले यंत्रासमोर मारतात तशी शिट्टी मारून गेले.

मग लोटन आला. केसांवरून हात फिरवत, कॅमेऱ्याकडे बघून हसत. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, अडीच सेकंद. त्यानंतर सगळा काळोख.

"इथे मुंग्या नाहीत," बाई म्हणाल्या.

"मुंग्या?" कोणीतरी विचारलं.

"व्हीसीआरवर रिकामंच रेकॉर्डिंग केलं तर पडद्यावर मुंग्या दिसतात. खरखर येते. हा नुसता काळा आहे. हे कॅमेऱ्यातच भरलंय, भिंगावर टोपी ठेवून." त्या टीव्हीजवळ गेल्या. "आणि टोपी डोळ्याला असते. कानाला नाही."

त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंख्याची घरघर आली. तिच्यामागून, लांबून आल्यासारखी, टुणटुणती धून. दुकानातले सगळे एकदम यंत्राकडे बघायला लागले. ती धून त्यातलीच होती. कॅसेट पुसली जात असताना इथे, याच दुकानात, कोणीतरी गेम खेळत होतं.

३

फुलचंद शेठ स्कूटरवरून आला. त्याचा स्टुडिओ होता, आणि लग्नांची शूटिंग करायचा तो कॅमेराही त्याचाच. बाईंनी त्याला चहा दिला, आणि साखर कमी आहे हे आधीच सांगितलं.

"बाईजी, माझ्यावर डाउट घेऊ नका," तो म्हणाला. "गुरुवारी टेस्ट झाली, मी कॅमेरा इथेच ठेवून गेलो. मगनला दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा एक सीन घ्यायचा होता. शुक्रवारी अकराला येऊन घेतला आणि गाडी पकडून सावद्याला. केळीच्या आडत्याच्या मुलीचं लग्न. दोनशे माणसं सांगतील."

"टोपी घालून रेकॉर्डिंग केलं तरी आवाज भरतो, हे तुम्हाला माहीत आहे?"

"अजी, लग्नवाल्यांना नाही तर कोणाला? टोपी लावून कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि बंद करायला विसरलो, की बायकांची सगळी बोलणी भरली जातात. एकदा नवरीच्या आत्यानं नवरदेवाच्या नाकाबद्दल जे सांगितलं ते सगळ्या वरातीनं ऐकलं. तेव्हापासून मी कधी विसरत नाही."

"आणि मगन?"

"तो लायब्ररीवाला. कॅमेरा त्यानं गुरुवारी पहिल्यांदा हातात धरला."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. "लोटनच्या टेस्टच्या वेळी कोण कोण होतं?"

"मी, मगन आणि पहलवान. अभिमन आधीच बस पकडायला गेला होता. व्हिलन नंतर आला."

"लोटन कसा होता?"

फुलचंदने बशीकडे पाहिलं. "तीन वेळा पडला. तिसऱ्यांदा माझी लाईट घेऊन पडला. उठला आणि डायलॉग बोलला. एकच ओळ होती." त्याने बशी खाली ठेवली. "विसरला नाही हो. पूर्ण बोलला. पण मला हसू आलं. आणि हसू आलं याचं वाईट वाटलं. त्याला वाटतं चांगलं झालं."

"तुम्ही हा गेम खेळता?"

"मैं? मला त्याचा दांडा कुठे ढकलायचा तेपण समजत नाही. लोटनही पहिल्याच मिनिटात मरतो, पुलापर्यंतसुद्धा जात नाही. मगन खेळतो रिकामा असला की. तेपण काय खेळणं? पुलावर बगळा येतो, मारला की शंभर पॉइंट. पोरं त्याच्यासाठीच मरतात. हा थांबून राहतो. म्हणतो, जाऊ द्या ना शेठ, त्यानं काय केलंय."

तो गेल्यावर सुगंधाबाई आली. दवाखान्यातून थेट, पदराला हात पुसत. ती उंबऱ्यातच बसली.

"बाई, व्यायामशाळाना पोरे मन्हावर डोया काढतस," ती म्हणाली. "दुकाननी एक किल्ली मन्हाकडे शे, हाई खरं. ती कॅसेट जाळी टाकू, असं मी म्हणनू, हाईबी खरं. पण मी हात लावा नही."

"आणि पट्टीची डबी?"

"ती परत उनीच नही. शुक्रवारले दवाखानाम्हा मी शोधी राहिंतू."

"तू कधी खाली तो गेम खेळलीस?"

सुगंधाबाई या प्रश्नावर हसली. मग हसू गेलं. "चार महिना व्हई ग्यात, बाई. तो बठ्ठा दिन आरसासमोर उभा शे. गिरणीना मुकादम म्हणे, सोमवारलोंग ये, नही ते दुसरा माणूस लेतस. मी रोज त्याले सांगस, मगनभाऊले विचार. तो म्हणे, विचारं शे, बघू म्हणना." तिने डोळ्यांना पदर लावला. "हो म्हणा नहीतर नही म्हणा. एक सबद. तेवढाच ते पाहिजे व्हता."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. डबी सुगंधाबाईकडे परत गेलीच नव्हती. आता ज्याचं नाव चौकीवर जाणार होतं त्याला विचारायचं राहिलं होतं. तो बाराच्या सुमारापासून त्यांच्याच आतल्या खोलीत लपून बसला होता.

४

अभिमनची पिशवी व्यायामशाळेच्या पोरांनी हिसकावून घेतली होती, म्हणून तो बाईंकडे आला होता. चोवीस वर्षांचा, लहानसर, मनगटं मुलीसारखी. समोरच्या ताटात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी जशीच्या तशी होती.

"गुरुवारी तू साडेतीनची धुळे गाडी पकडायला गेलास," बाई म्हणाल्या. "मग शुक्रवारी सकाळी जळगावात कसा?"

"गाडी चुकली. मावशीकडे राहिलो. दुकानाच्या मागच्या दाराची कडी मीच बसवली आहे, ती कशी उघडते ते मला येतं. हेपण लिहा. पोरं सांगणारच आहेत."

"लोटनची टेस्ट पाहिलीस?"

"नाही, बाई. कशी झाली?"

त्याने हे इतकं सहज विचारलं की बाईंनी पुढचा प्रश्न सोडून दिला. मगनचा व्हीसीआर त्यांनी वर मागवून घेतला होता. त्यांनी कॅसेट लावली आणि टीव्हीवर टॉवेल टाकला.

"बघायचं काही नाही. ऐक. कोण खेळतंय ते सांगता येईल?"

अभिमनने डोळे मिटले. बोटं मांडीवर हलायला लागली. "पहिला डाव. सहज चाललाय… भिंतीवरून गेला. म्हणजे लोटनभाऊ नाही, ते भिंतीलाच मरतात. आता पूल. एक उडी, दोन, तीन. आता बगळा…"

बोटं थांबली.

टॉवेलखालून धून वाजत राहिली. बराच वेळ दुसरा कोणताही आवाज आला नाही. मग पुन्हा पावलांची टकटक सुरू झाली. अभिमनने डोळे उघडले. चेहरा बदलला होता.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"ओळखू येत नाही, बाई."

चौतीस वर्षं बाईंनी तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. उत्तर येत नसलेला मुलगा छताकडे बघतो. उत्तर द्यायचं नसलेला जमिनीकडे बघतो. अभिमन फरशीकडे बघत होता.

"सहाला तुझं नाव लिहून दिलं जाईल."

"जाऊ दे."

"डेपोतलं काम जाईल."

"दुसरं बघीन," तो म्हणाला आणि समोरचं ताट बाजूला सारलं. "कोणी मुद्दाम माझं वाईट करायला हे केलेलं नाही, बाई. एवढं मला कळतं."

बाई उठल्या. साडेचार वाजले होते. "मी तुला नाव विचारत नाही. पण मला एक प्रयोग करायचा आहे, आणि मला खेळता येत नाही. खाली चल."

"खाली? पोरं आहेत तिथे."

"मी पण आहे," बाई म्हणाल्या.

५

यंत्राभोवती गर्दी झाली. व्यायामशाळेतल्या एकाने अभिमनच्या कॉलरला हात घातला, तेव्हा बाईंनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं. हात निघाला.

"पुलापर्यंत जा," त्या अभिमनला म्हणाल्या. "बगळा मार."

तो लीलया पुलावर पोचला. तीन उड्या, काठी फिरली, आणि यंत्रातून पितळेच्या ताटावर चमचा पडल्यासारखा टण्णकन आवाज आला. बाईंनी वहीत लिहिलं.

"पुन्हा. आता नेम चुकव."

या वेळी काठी हवेतून गेली. नुसता सपकन आवाज झाला. तोही वहीत गेला.

"आता शेवटचं. तीन उड्या झाल्या की हात सोडून दे. काही करू नकोस."

अभिमनने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. मग त्याने रुपया टाकला. पूल आला. एक, दोन, तीन. भिंगऱ्या पुलाच्या मध्यावर उभा राहिला आणि डावीकडून पांढरा बगळा संथपणे पंख हलवत निघाला. बाईंची नजर सेकंदकाट्यावर होती.

"अरे मार ना!" मागून कोणी ओरडलं. "शंभर पॉइंट चालले!"

"झोपला का काय?"

"मगनभाऊसारखा काय थांबतोस रे? सोडून दे म्हणे बिचाऱ्याला!"

हशा पिकला. बगळा उजव्या कडेला गेला, पावलं पुन्हा टकटकली. नऊ सेकंद. कॅसेटवरच्या काळोखातही नऊच होते. टण्ण नाही, सपकन नाही.

हसणाऱ्यांपैकी कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही. त्यांना वाटलं, बाईंना गेम बघायचा होता. फक्त अभिमन दांड्यावर हात ठेवून मान खाली घालून उभा होता. आणि काउंटरच्या फळीपाशी, हातात कपबशी घेऊन, मगन.

"बाई, चहा," तो म्हणाला. बशीत अर्धा चहा सांडला होता.

बाईंनी कप घेतला. तिथेच उभ्यानं, सावकाश, सगळा प्यायल्या. मगन जागचा हलला नाही.

"साडेपाचला वर ये," त्या म्हणाल्या. "लोटनला, सुगंधाला आणि फुलचंद शेठना मीच निरोप पाठवते."

"बघू, बाई. शनिवारची गिऱ्हाइकं असतात, कोणी दुकान…"

"दुकान बंद कर, मगन."

६

खोलीत दोनच खुर्च्या होत्या, म्हणून सगळे सतरंजीवर बसले. जिन्यात पेटीवाले आणि काचवाले पहिल्यांदाच एकत्र उभे होते. लोटनच्या शर्टाच्या खिशात तक्रारीचा कागद घडी करून ठेवलेला दिसत होता.

"मी माझ्यापरीनं सांगते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चुकलं तर मध्ये बोला. कॅसेट शुक्रवारी सकाळी अकराच्या आत पुसली, कारण त्यानंतर कॅमेरा सावद्याला गेला. पुसली खालच्या दुकानातच, कारण यंत्र तिथे आहे. ज्यानं पुसली त्याला कॅमेऱ्याची सवय नव्हती. टोपी लावली की काम झालं, असं त्याला वाटलं. म्हणून शेठ नाहीत."

फुलचंदने सुस्कारा सोडला.

"चार मिनिटं थांबायचं होतं म्हणून तो मन रमवायला खेळला, आणि पुलापलीकडे गेला. सुगंधाला खेळता येत नाही. लोटन, राग मानू नकोस, तू कधी पूल पाहिलेला नाहीस."

जिन्यात कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं.

"राहिला अभिमन. तो पुलापलीकडे जातो. पण तुझ्या गुडघ्याला पट्टी लागली तेव्हा तो बसस्टँडवर होता. ती डबी त्याला मिळणार कुठून? शिवाय तो बगळा मारल्याशिवाय पुढे जात नाही. कॅसेटवर खेळणारा नऊ सेकंद थांबला. त्यानं बगळ्याला जाऊ दिलं."

जिन्यातल्या माना मगनकडे वळल्या. कोण थांबतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लोटनला कळायला एक क्षण जास्त लागला.

"अजून एक," बाई मगनकडे न बघता म्हणाल्या. "आपण सगळे शत्रू शोधत होतो. शत्रूनं ती टेस्ट पुसली नसती, जपून ठेवली असती. उद्या दोनशे माणसांसमोर ती लागावी म्हणून वाट पाहिली असती. ती पुसावीशी वाटते ती फक्त जवळच्या माणसाला."

"मी पुसली," मगन म्हणाला.

त्याने चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. "गुरुवारी संध्याकाळी मी ती चार वेळा पाहिली. म्हटलं, सांगू कॅमेऱ्यात बिघाड झाला, पुन्हा टेस्ट घेऊ, या वेळी न पडता होईल. पण आज सकाळी तू पोरांना घेऊनच आलास. मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी अभिमनचं नाव घेतलं. मला वाटलं, ओरडतील आणि थांबतील. दुपारी तू चौकीचं बोललास तेव्हा…"

"तेव्हाही गप्प राहिलास," लोटन म्हणाला.

"हो."

"हे पोरगं उपाशी बसलंय इथे दुपारपासून. त्याची नोकरी गेली असती."

"हो."

लोटन उठला. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. तो जिन्याकडे गेला, कोणाच्यातरी खांद्यावरून अभिमनची पिशवी ओढून काढली आणि त्याच्या मांडीवर आणून ठेवली. "माफ कर, भो," तो म्हणाला. मग खिशातला कागद काढून त्याचे बारीक तुकडे केले. ते टाकायला जागा सापडेना, म्हणून मुठीतच ठेवले.

"लोक हसले असते का रे?" त्याने मगनला विचारलं. "मला?"

मगन हातातला चष्मा शर्टाला पुसायला लागला.

"शेठ, तुम्ही सांगा."

फुलचंदने सतरंजीचा दोरा ओढायला घेतला. सुगंधाबाई नवऱ्याकडे बघत होती; डोळ्यांत राग नव्हता.

"मला वाटलं, बॉडी दिसेल," लोटन म्हणाला. "पेटीवरच्यासारखी." तो परत मगनसमोर येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ. दुखरा पाय त्याने सावकाश लांब केला. "कॅसेट पुसलीस, त्याचा मला राग नाही. शाळेत तू माझा पेपर फाडला होतास, मास्तरांना दिसू नये म्हणून. तेव्हापण राग नव्हता. पण मी दिवाळीत तुला एक विचारलं होतं."

"लोटन, ऐक. आपण तुझी परत टेस्ट घेऊ. उडी काढून टाकू. किंवा दोन भिंगऱ्या दाखवू, एक उडणारा आणि एक… बघू ना काहीतरी…"

"'बघू' नको, मगन. तीच टेस्ट परत नको. सोमवारी मुकादम मला विचारेल. मी त्याला काय सांगू, तेवढं तू आता सांग. सगळ्यांसमोर सांग."

मगनने बाईंकडे पाहिलं. लहानपणी फळ्यापुढे अडला की तो असाच पाहायचा, आणि बाई पहिला शब्द सांगायच्या. आज बाईंनी नुसती वही मिटली.

मगनने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. लोटनच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"सोमवारी कामावर जा, लोटन," तो म्हणाला. "भिंगऱ्या तू नाहीस. भिंगऱ्या अभिमन करेल."